रंगवून आणलेली जुनी बुलेट डगमगते तेव्हा

आर्वी तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे की, त्यांच्या आजोबांची १९७२ सालची बुलेट ३५० अठरा वर्षे गोठ्यात उभी होती. गेल्या वर्षी त्यांनी इंजिन पूर्ण बांधून घेतले, चेसिसला पावडर कोटिंग केले, टाकी रंगवली आणि मडगार्डांवर नवे क्रोम चढवले. आता गाडी पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये सुरू होते, मात्र ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाला हँडल थरथरते, रस्ता सरळ असूनही गाडी डावीकडे ओढते आणि वळणावर मागचा भाग वेगळ्याच दिशेने निघाल्यासारखा वाटतो. मागे रुंद टायर, गॅसचे शॉकअप आणि पुढे नव्या मोटारसायकलीचा डिस्क ब्रेकसह संपूर्ण सेट बसवल्यास ती स्थिर होईल काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

यांपैकी एकही वस्तू आज विकत घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या गाडीत शक्तीची किंवा आधुनिकतेची कमतरता नाही. तिच्या सांध्यांत कुठेतरी खेळ, म्हणजे ढिलेपणा आहे. ज्या चेसिसमध्ये खेळ आहे तिला भारी टायर आणि कडक शॉकअप लावले, तर तोच खेळ अधिक वेगाला आणि अधिक धोकादायक रीतीने प्रकट होतो. बुलेटची ठेवण मुळात स्थिर आहे. १९४९ मध्ये इंग्लंडातील रेडिच येथून ती बाजारात आली तेव्हा मागे चिमटा (मागचे चाक धरणारा, खाली-वर हलणारा दोन हातांचा भाग) आणि दोन शॉकअप ही रचना फार थोड्या गाड्यांना होती, आणि पुढे मद्रासच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांनी तीच रचना दीर्घकाळ टिकवली. सर्व सांधे घट्ट आणि दोन्ही चाके एका रेषेत असलेली बुलेट परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट शांतपणे चढते आणि त्याहून शांतपणे उतरते. मूळ गाडी जशी चालत होती तशी आधी चालू द्या, सुधारणांचा विचार त्यानंतर करता येईल.

प्रश्नातील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: गाडी रंगवून आल्यावर डगमगू लागली. हा योगायोग नसावा. बुलेटच्या चेसिसला इंजिनाखालून जाणारा पाळणा नाही. पुढची नळी इंजिनाच्या पुढच्या प्लेटांपर्यंत येऊन थांबते, आणि तिथपासून चिमट्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर इंजिन व गिअरबॉक्स स्वतः जोडतात. इंजिन हा चेसिसचाच एक अवयव आहे, म्हणून इंजिनाचा बोल्ट ढिला असणे म्हणजे चेसिसची एक नळी ढिली असण्यासारखे आहे. पावडर कोटिंग करताना प्लेटांचे आणि चेसिसच्या कानांचे (बोल्ट बसण्यासाठीच्या छिद्राच्या पट्ट्यांचे) टेकणारे पृष्ठभाग झाकून घेतले नसतील, तर प्रत्येक जोडात रंगाचे दोन-चार थर दाबले जातात. आवळलेला बोल्ट ताणला जातो तो मिलिमीटरच्या काही शतांशांपुरता. गाडी तापली, थरथरली आणि रंग तेवढाच दबला की बोल्टाचा ताण नाहीसा होतो, मग बाहेरून नट जागच्या जागी दिसत असला तरी जोड मोकळा असतो. विदर्भातील मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, हे अधिक लवकर घडते.

त्यामुळे इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या प्लेटा, तसेच डोक्याकडचा आधार एकेक करून सोडा, टेकणारे पृष्ठभाग खरडून उघड्या लोखंडापर्यंत आणा, त्यांना ग्रीसचा पातळ हात द्या आणि पुन्हा बसवा. बोल्टही तपासा. त्या काळच्या बुलेटला इंची मापाचे, सायकल थ्रेडचे, एका इंचात २६ आटे असलेले बोल्ट येत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि बाजारात सहज मिळणारा बोल्ट ८ मिलिमीटरचा. हे दोन्ही दिसायला सारखे असल्यामुळे रंगकाम करून देणारे पुष्कळदा मूळ बोल्टांचा डबा हरवून नवे चकचकीत बोल्ट ठोकून बसवतात. आट्यांचा जोड चुकलेला असा नट कितीही आवळला तरी धरत नाही. मूळ मापाचे बोल्ट नागपूर किंवा अमरावतीच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधल्यास मिळतात, आणि न मिळाल्यास लेथवर करून घेता येतात. बोल्टाचा आटे नसलेला गुळगुळीत भाग प्लेटेच्या छिद्रात बसला पाहिजे. आट्यांवर भार आला की छिद्र कालांतराने अंडाकार होते.

आता चिमटा. वळणावर मागचा भाग वेगळा निघतो, या तुमच्या तक्रारीचे मूळ मी येथेच शोधेन. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, एका हाताने चेसिस धरा आणि दुसऱ्या हाताने मागचे चाक वरून धरून आडवे हलवा. नंतर चाक काढून चिमट्याची दोन्ही टोके धरून तेच करा. चाक असताना हालचाल होते आणि चाक काढल्यावर होत नाही, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. चाक काढल्यावरही होते, तर चिमट्याच्या सांध्यातील बुश (पिन ज्यांत फिरते त्या धातूच्या नळ्या) झिजलेले आहेत. एवढीशी झीज चाकापाशी किती वाढते, याचा अंदाज पुष्कळांना नसतो. समजा, दोन बुशांमधील अंतर २० सेंटिमीटर आहे आणि प्रत्येकात पाव मिलिमीटर खेळ आहे. चिमट्याची लांबी ४५ सेंटिमीटर धरली तर एक्सलपाशी हा खेळ एक मिलिमीटरहून अधिक होतो, म्हणजे चाक प्रत्येक खड्ड्यागणिक आपली दिशा बदलते. चालवणाऱ्याला ते टायर पंक्चर झाल्यासारखे जाणवते.

बुश लेथवर करून घेताना एक काळजी घ्यावी लागते, आणि मी ती एकदा घेतली नव्हती म्हणून सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका गाडीचे गनमेटलचे बुश मी एका लेथवाल्याकडून अगदी नेमक्या मापाने करून आणले, चिमट्यात दाबले, आणि पिन आत जाईना. दाबताना बुश आकुंचन पावतो, शिवाय दोन्ही बाजूंची छिद्रे एका रेषेत राहतीलच असे नाही. पिन जाण्यासाठी मी एक बुश पॉलिश पेपरने मोठा केला आणि गाडी देऊन टाकली. तीन महिन्यांत ती पुन्हा डगमगत परत आली. योग्य पद्धत अशी की, बुश आतून किंचित लहान ठेवावेत, दाबून बसवावेत आणि मग लांब रीमर (छिद्र आतून कातून नेमके माप देणारे हत्यार) दोन्हींतून एकाच वेळी फिरवून माप आणावे. पिन हाताने, ग्रीस लावून, थोड्या दाबाने आत गेली पाहिजे. बाजूंच्या वॉशरांनी आडवा खेळ संपवावा, पण चिमटा स्वतःच्या वजनाने खाली येईल इतका मोकळा राहू द्यावा. पांदणीच्या धुळीत चालणाऱ्या गाडीला येथे दर हजार-बाराशे किलोमीटरला नवे ग्रीस भरणे आवश्यक आहे.

गाडी डावीकडे ओढते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चाचणी घरच्या घरी होते. आपल्याकडील बहुतेक रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या बाजूने चालणारी कोणतीही गाडी थोडी डावीकडे झुकते. पहाटे रिकाम्या, सपाट रस्त्यावर दोन्ही दिशांनी गाडी चालवून पाहा, आणि दोन्ही वेळा ती डावीकडेच गेली तर दोष गाडीत आहे असे समजा. मग एक लांब पक्की सुतळी घ्या. ती मागच्या टायरला मागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढे आणा, जमिनीपासून इतक्या उंचीवर की स्टँड आणि सायलेन्सर तिच्या आड येणार नाहीत. पुढच्या चाकाच्याही पुढे दोन खुंट्यांना ती ताणून बांधा, अशी की मागच्या टायरच्या पुढच्या कडेला ती दोन्ही बाजूंनी नुसती शिवेल. दोन्ही टायर ३.२५ इंचाचे असतील, तर पुढचे चाक सरळ केल्यावर सुतळी त्याच्याही चारही कडांना शिवली पाहिजे. मागचा टायर ३.५० चा असेल, तर पुढे प्रत्येक बाजूला साधारण तीन मिलिमीटर फट समान दिसायला हवी. एका बाजूला सुतळी दाबली जाते आणि दुसरीकडे सात-आठ मिलिमीटर अंतर राहते, तर मागचे चाक तिरपे बसले आहे किंवा चाकांच्या मध्यरेषा जुळत नाहीत. बुलेटच्या चेन ताणण्याच्या दोन्ही गोगलगायीच्या आकाराच्या कॅमांवर खाचा असतात आणि दोन्हीकडे सारख्या खाचा मोजल्या म्हणजे चाक सरळ बसले, असे मेकॅनिकही मानतात. पन्नास वर्षांच्या चिमट्यात, ज्याच्या टोकांना कधीतरी मार बसलेला असतो, तसे होत नाही. खाचा सोडून सुतळीवर विश्वास ठेवा, आणि आवश्यक असल्यास एका बाजूला एक खाच पुढे घ्या.

सुतळीनंतर गवंड्याचा ओळंबा लावा. मागचे चाक ओळंब्याने उभे करा आणि मग पुढचे चाक त्याच ओळंब्याशी जुळते का, ते पाहा. जुळत नसेल तर चेसिस किंवा पुढचा फोर्क पिळला गेला आहे. गावाकडील गाड्यांत हे नेहमी आढळते. वर्षानुवर्षे दुधाच्या कॅन किंवा सरकीच्या ढेपेची पोती एकाच बाजूला लटकवल्यामुळे मागची कमान वाकते आणि शॉकअपचे वरचे कान एका पातळीत राहत नाहीत. तुमच्या आजोबांनी या गाडीवर काय वाहिले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. वाकलेली चेसिस गॅसने लाल करून ठोकणाऱ्याकडे देऊ नका. तापवल्याने नळी मऊ पडते आणि जोडाजवळ पुढे तडा जातो. थंड अवस्थेत, चौकटीत बांधून, जॅकने हळूहळू सरळ करणारा कारागीर शोधावा.

हँडलच्या थरथरण्याकडे वळतो. स्टिअरिंगच्या कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमध्ये, सुट्या गोट्या असतात. गाडी वर्षानुवर्षे एकाच स्थितीत उभी राहिली की गोट्यांखालची ओल गंज धरते आणि वाट्यांत बारीक खड्डे पडतात. पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या. मध्यभागी ते क्षणभर अडकल्यासारखे झाले, तर वाट्या आणि गोट्या, वरच्या व खालच्या, सर्व बदलाव्या लागतील. केवळ गोट्या बदलणे म्हणजे पैसे आणि श्रम वाया घालवणे आहे. बसवताना घट्टपणा असा असावा की हँडल मध्यापासून थोडे ढकलल्यावर स्वतःच्या वजनाने बाजूला पडेल, पण फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ओढली तर कट्ट असा आवाज येणार नाही. थरथर थांबवण्यासाठी कोनसेट गच्च आवळण्याची सवय फार वाईट आहे. थरथर तेवढ्यापुरती दबते, मात्र गाडी कमी वेगाला नागमोडी चालू लागते आणि नव्या वाट्या थोड्याच दिवसांत खराब होतात. गोट्यांऐवजी टेपर रोलरचे (निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचे) सेट बसवायला माझी हरकत नाही, कारण ते भार चांगला घेतात आणि चेसिसला त्यासाठी काहीही कापावे लागत नाही.

फोर्कच्या नळ्या काढल्या की जाड सपाट काचेवर लोटून पाहा. वाकलेली नळी लगेच दिसते. ऑइल सील, बुश आणि तेल बदला, आणि तेल दोन्ही पायांत मापाच्या नळकांड्याने अगदी समान भरा. बसवताना एक्सलच्या खालच्या टोप्यांचे नट शेवटी, हँडल धरून फोर्क आठ-दहा वेळा खाली-वर दाबल्यावर, दोन्हीकडे समान आवळावेत, म्हणजे पाय आपोआप एकमेकांना समांतर होतात. नळ्या झाकणारे रबरी गेटर अवश्य लावा. काळ्या मातीची धूळ नळीच्या क्रोमवर पडली की ती सील कापते.

चाकांच्या बाबतीत थोडे आणि निश्चित सांगतो. बुलेटच्या चाकाला ४० तारा असतात. पेचकसाच्या मुठीने प्रत्येक तार वाजवा. जी भद्द वाजते ती ढिली आहे. गंजलेल्या तारांपैकी चार-पाच बदलून भागत नाही, पूर्ण संच बदलावा. रिम आधी खाली-वर आणि नंतर आडवी अशी ट्रू (डगमग न राहील अशी सरळ) करावी. दोन्हींत एक मिलिमीटरच्या आत आली तर उत्तम, दोनच्या पुढे गेली तर पुन्हा करा. ब्रेकचा ड्रम लेथवर गोल करायचा असेल, तर तो तारा ताणल्यानंतरच करा, कारण तारांच्या ताणाने ड्रम किंचित अंडाकार होतो. ब्रेकचे जुने लायनर काढताना त्यांची भुकटी हवेने किंवा फुंकून उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसात गेल्यावर बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके फेकून द्या. नवे लायनर ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून पूर्ण टेकतील असे करा, केबल नवी टाका. इतके केल्यावर आर्वी ते वर्धा या प्रवासाच्या वेगाला ड्रम ब्रेक पुरेसा पडतो.

टायरची नक्षी शाबूत असली तरी त्याच्या बाजूवरील शेवटचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. अठरा वर्षे गोठ्यात उभा असलेला टायर लाकडासारखा झालेला असतो आणि पावसात तो धरत नाही. ३.२५-१९ मापाचेच टायर दोन्हीकडे घ्या. रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याचा आकार बदलून तो मधून फुगतो आणि गाडी वळणात झुकायला जड होते. त्याहून मोठे कारण आपल्या मातीत आहे. मिरगानंतरच्या ओल्या काळ्या जमिनीत टायर आणि मडगार्ड यांच्यामधील जागा चिखलाने भरत जाते आणि शेवटी चाक फिरणेच थांबते. त्या फटीतील प्रत्येक मिलिमीटर पांदणीवर तुमच्या उपयोगाचा आहे, तो टायरला देऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा: एकट्यासाठी पुढे १८ ते २० पौंड आणि मागे २८ ते ३० पौंड. पंपावर दोन्हीकडे पस्तीस भरून देतात, आणि पुढच्या चाकाची निम्मी थरथर पुष्कळदा तेवढ्यानेच सुरू होते. बंडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या रस्त्यावर मात्र पुढचे चाक चाकोरीच्या मागे जाणारच. तो गाडीचा दोष नाही, तेथे हँडल सैल धरून वेग कमी ठेवणे हाच उपाय आहे.

शॉकअपविषयी तुमची इच्छा पूर्ण चुकीची नाही. जुने शॉकअप दाबल्यावर एकदम वर उसळत असतील तर ते संपले आहेत आणि बदलायलाच हवेत. परंतु नवे घेताना दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधील (बोल्टाच्या छिद्रांमधील) लांबी मूळ शॉकअपइतकीच ठेवा. मागची बाजू दोन-अडीच सेंटिमीटर उंच झाली की पुढचा फोर्क अधिक उभा होतो, चाक जमिनीला टेकते ती जागा स्टिअरिंगच्या रेषेजवळ सरकते, आणि ज्या गुणामुळे बुलेट सरळ चालते तोच कमी होतो. आपल्या वजनाने बसल्यावर शॉकअप एकूण हालचालीच्या पाव ते एक-तृतीयांश खाली गेला पाहिजे. नव्या गाडीचा संपूर्ण पुढचा सेट लावल्यास याच गोष्टी एकाच वेळी आणि मोजमापाशिवाय बदलतात, म्हणून मी तो लावून देत नाही.

त्याला कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली वाहनेच त्यासाठी पात्र ठरतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याचीच मुभा आहे. तुमची गाडी १९७२ ची असल्याने वयाची अट पूर्ण होते, पण शेतावर जाण्यासाठी ती वापरायची असेल तर नेहमीचे पाच वर्षांचे नूतनीकरणच तुमच्या उपयोगाचे आहे. निर्णय कोणताही घ्या, चेसिसला वेल्डिंग वा कापाकापी केली नाही तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: प्रथम हवा आणि टायर, मग सुतळी, मग इंजिनाचे जोड आणि चिमटा, शेवटी कोनसेट आणि फोर्क. एका वेळी एकच बदल करा, त्याच रस्त्यावर चाळीस, पन्नास आणि साठच्या वेगाला गाडी चालवून पाहा आणि वहीत लिहा. वेग कमी होताना चाळीस ते पन्नासच्या दरम्यान हँडल थरथरते, तर दोष पुढे आहे. वेग वाढताना किंवा वळणात शेपूट हलते, तर तो मागे आहे. तीनशे किलोमीटरनंतर इंजिनाचे बोल्ट, कोनसेट आणि तारा पुन्हा तपासाव्या लागतील, कारण खरडून उघडे केलेले पृष्ठभाग आणि नव्या वाट्या तोपर्यंत बसतात. सुतळी लावल्यावर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या, पुढच्या आणि मागच्या कडेच्या फटी मिलिमीटरमध्ये मोजून, टायरच्या मापासह मला कळवा. चाक तिरपे आहे की चेसिस वाकली आहे, हे त्या चार आकड्यांवरून सांगता येईल.